सक्तीच्या 70,000 चिप्स आणि 18 लाखांचा पॉट: मनीमेकर–फरहा डावाचा प्रकरण अभ्यास

मे 2003. लास वेगासच्या जुन्या भागातल्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचं शेवटचं टेबल लागलं होतं. 839 जणांनी प्रत्येकी 10,000 डॉलर भरून सुरुवात केली होती, त्यातले दोघे उरले होते. एक ख्रिस मनीमेकर, टेनेसीतला 27 वर्षांचा अकाउंटंट. पोकरस्टार्स या वेबसाइटवर 86 डॉलरची पात्रता स्पर्धा खेळून तो इथवर पोचला होता. दुसरा सॅमी फरहा, बैरुतमध्ये जन्मलेला, मोठ्या रकमांच्या कॅश टेबलांवर मुरलेला व्यावसायिक खेळाडू. जिंकणाऱ्याला 25 लाख डॉलर मिळणार होते, हरणाऱ्याला 13 लाख.

या दोघांमधला एक डाव पोकरच्या इतिहासात सगळ्यात जास्त वेळा दाखवला गेलेल्या डावांपैकी आहे. हातात काहीही नसताना मनीमेकरने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या, आणि हातात जोडी असलेल्या फरहाने पत्ते टाकून दिले. ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण मनीमेकरच्या छातीचं कौतुक करतात, आणि ते चूक नाही. पण हा डाव मुळात उभा कसा राहिला हे समजून घ्यायचं असेल, तर पत्ते वाटण्याआधी टेबलाच्या मधोमध पडलेल्या 70,000 चिप्सकडे बघायला हवं. त्या कुणी आपणहून टाकल्या नव्हत्या, नियमानेच टाकाव्या लागल्या होत्या. माझं म्हणणं असं आहे की या सक्तीच्या रकमेने ते दोन हात एकमेकांसमोर आणले, आणि दोघांच्या चिप्सच्या मानाने ती रक्कम लहान होती म्हणूनच ब्लफला, म्हणजे रिकाम्या हाताने मोठी बोली लावून समोरच्याला पळवायला, जागा मिळाली.

पत्ते वाटण्याआधी

त्या वेळी या सक्तीच्या रकमेचे तीन भाग होते: स्मॉल ब्लाइंड 20,000, बिग ब्लाइंड 40,000 आणि प्रत्येकाचा अँटी 5,000. नऊ जणांच्या टेबलावर याची रीत सरळ असते. डीलरचं बटण (वाटपाची पाळी दाखवणारी चकती) ज्याच्यापुढे असेल त्याच्या डाव्या हाताचा खेळाडू स्मॉल ब्लाइंड टाकतो, त्याच्या पुढचा बिग ब्लाइंड टाकतो, आणि अँटी सगळेच टाकतात. प्रत्येक डावानंतर बटण एक जागा डावीकडे सरकतं, त्यामुळे एका फेरीत प्रत्येकावर दोन्ही ब्लाइंड टाकायची पाळी येते. दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्यांना बूट माहीत असतो. प्रत्येकाने सारखी रक्कम टाकायची आणि मग पत्ते वाटायचे. पोकरचा अँटी हाच प्रकार आहे. ब्लाइंड मात्र वेगळा: तो फक्त दोघांवर पडतो आणि फिरत राहतो.

दोघेच उरले की रीत बदलते. तेव्हा बटण असलेला खेळाडूच स्मॉल ब्लाइंड टाकतो आणि समोरचा बिग ब्लाइंड. नवख्याला हे उलटं वाटतं, पण त्यामागचं कारण पक्कं आहे. प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचा (रिव्हर). बोलीची एक फेरी पत्ते वाटल्यावर होते आणि एकेक या तीन टप्प्यांनंतर. पहिल्या फेरीत, म्हणजे फ्लॉप उघडण्याआधी, बिग ब्लाइंडवाला शेवटी बोलतो. पुढच्या तिन्ही फेऱ्यांत बटणवाला शेवटी बोलतो. बटण आणि बिग ब्लाइंड एकाकडेच दिले असते तर चारही फेऱ्यांत शेवटचा शब्द त्याचाच राहिला असता. पोकरमध्ये समोरच्याची चाल बघून मग आपली ठरवता येणं ही फार मोठी सवलत आहे. म्हणून ती वाटून दिलेली असते.

या डावात बटण मनीमेकरकडे होतं. ते ओळखायला चित्रीकरणात बटण शोधत बसावं लागत नाही. फ्लॉपनंतर प्रत्येक वेळी फरहा आधी बोलतो, याचा अर्थ तो बिग ब्लाइंडमध्ये होता. तेव्हा हिशेब असा: मनीमेकरचे 20,000, फरहाचे 40,000, दोघांचे मिळून अँटीचे 10,000. एकूण 70,000.

इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा, कारण पुढचं सगळं गणित त्यावर चालतं. ब्लाइंडची रक्कम ही खेळाडूच्या नावावरची बोली असते. कुणी 1,00,000 लावले तर फरहाला फक्त आणखी 60,000 टाकावे लागतात, त्याचे 40,000 त्यात धरले जातात. अँटी मात्र धरला जात नाही. तो टाकला त्या क्षणी पॉटचा, म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणाऱ्या मधल्या ढिगाचा, झाला. म्हणून 1,00,000 ची बोली दोघांनी पुरी केली की पॉट 2,00,000 चा होत नाही, 2,10,000 चा होतो.

बिग ब्लाइंडचं आणखी एक काम असतं: तो टेबलाचं माप ठरवतो. कमीत कमी किती लावता येईल, कमीत कमी किती वाढवता येईल हे त्यावरून ठरतं. 40,000 च्या बिग ब्लाइंडवर पहिली वाढ निदान 80,000 पर्यंत न्यावी लागते. आणि हे 40,000 किती मोठे होते? पहिल्या दिवशी प्रत्येकाला 10,000 चिप्स मिळाल्या होत्या. शेवटच्या टेबलावरचा एक बिग ब्लाइंड म्हणजे चार खेळाडूंची सुरुवातीची अख्खी पुंजी.

ब्लाइंड वाढवावेच का लागतात

स्पर्धेत चिप्स बाहेरून येत नाहीत. 839 गुणिले 10,000, म्हणजे 83,90,000 चिप्स पहिल्या दिवशी होत्या आणि शेवटच्या डावालाही तेवढ्याच होत्या. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांची संख्या तेवढी घटत जाते. ब्लाइंड तिथेच ठेवले तर उरलेल्यांच्या मानाने सक्तीची रक्कम नगण्य होईल आणि कुणालाच धोका पत्करायची गरज उरणार नाही. म्हणून ठरावीक वेळाने ब्लाइंड आणि अँटी वाढवले जातात. 2024 च्या मुख्य स्पर्धेत 10,112 जण उतरले, प्रत्येकाला 60,000 चिप्स. एकूण 60 कोटींच्या वर. तिथे शेवटच्या दोघांमध्ये 2003 इतकीच निवांत स्थिती ठेवायची म्हटली तर बिग ब्लाइंड 29 लाखांच्या आसपास न्यावा लागेल. आकडे अवाढव्य दिसतात, पण बघायचं असतं ते आपल्या चिप्स आणि सक्तीची रक्कम यांचं प्रमाण.

सक्ती नसती तर

क्षणभर धरून चालू की त्या टेबलावर ब्लाइंडही नाहीत आणि अँटीही नाही. पत्ते वाटले, मधे शून्य. मग शहाण्या माणसाने काय करावं? दोन एक्के येईपर्यंत पत्ते टाकत राहावं. वाट बघायला काही लागत नाही, मग दुय्यम पत्त्यांवर पैसे का लावायचे? समोरचाही हाच विचार करणार. त्यामुळे कुणी पैसे लावलेच तर त्याच्याकडे एक्के आहेत हे उघड होतं, आणि समोरचा तिथेच उठतो. खेळ मरतो.

दोन एक्के सरासरी 221 डावांत एकदा येतात. आता सक्ती परत आणा. मनीमेकर-फरहा यांच्या टेबलावर जो प्रत्येक डावात पत्ते टाकून देईल त्याला बटणावर असताना 25,000 आणि बिग ब्लाइंडमध्ये असताना 45,000 गमवावे लागणार. सरासरी डावाला 35,000. एक्क्यांसाठी 221 डाव थांबायचं तर 77 लाख चिप्स जातील. दोघांच्या मिळून चिप्स 83,90,000, म्हणजे सरासरी प्रत्येकाकडे 42 लाखांच्या आत. एक्के यायच्या कितीतरी आधी माणूस घरी जातो.

याच आकड्यांवर नऊ जण बसले असते तर? एका फेरीत प्रत्येकाला 20,000 अधिक 40,000 अधिक नऊ अँटींचे 45,000, म्हणजे 1,05,000 पडले असते. नऊ डावांत. डावाला जेमतेम 11,700. दोघांमध्ये हाच भार डावाला 35,000 होतो, तिप्पट. पट्टीचे खेळाडू दोघांच्या लढतीत कसलेही पत्ते खेळताना दिसतात ते या भारामुळे. प्रेक्षकाला तो उतावळेपणा वाटतो. खरं तर तिथे बसून चांगल्या पत्त्यांची वाट बघणं हाच जास्त धोक्याचा खेळ असतो.

राजा-सात विरुद्ध राणी-नऊ

मनीमेकरला इस्पिक राजा आणि बदाम सात आले. फरहाला इस्पिक राणी आणि बदाम नऊ. भरलेल्या टेबलावर पहिल्या जागांवरून हे दोन्ही हात कुणी खेळू नयेत असे. रंग जुळत नाही, पत्ते जवळचे नाहीत.

मनीमेकरने 1,00,000 पर्यंत वाढ केली. त्याचे 20,000 आधीच पडलेले असल्याने नव्याने टाकले 80,000. कशासाठी? मधे पडलेल्या 70,000 साठी. फरहाने तिथेच पत्ते टाकले तर ते 70,000 त्याचे. फक्त एवढ्यासाठीच खेळायचं म्हटलं तर 80,000 लावून 70,000 मिळवायचे, म्हणजे शंभरातल्या 53 वेळा फरहाने माघार घ्यायला हवी. तेवढ्या वेळा तो घेणार नाही हे मनीमेकरलाही ठाऊक असणार. पण राजा हातात आहे आणि पुढच्या तिन्ही फेऱ्यांत आपण शेवटी बोलणार आहोत. उरलेली तूट तिथून भरून निघते.

आता फरहाच्या खुर्चीतून बघा. पॉटमध्ये मनीमेकरचे 1,00,000, आपले 40,000, अँटीचे 10,000, असे दीड लाख आहेत. कॉल करायचा, म्हणजे त्याच्या बोलीची बरोबरी करून डावात राहायचं, तर आपल्याला आणखी 60,000 टाकायचे आहेत. टाकल्यावर पॉट 2,10,000 चा होईल. म्हणजे शंभरातल्या 29 वेळा जिंकलो तरी हिशेब जुळतो. राणी-नऊ हा काही मोठा हात नाही, पण दोघांच्या लढतीत, कसल्याही पत्त्यांवर वाढ करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर 29 टक्क्यांच्या वर नक्की आहे. शिवाय टाकून दिले तर 45,000 गेलेच. फरहाने कॉल केला.

मला हे इतकं सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण या डावाच्या वर्णनात ही पायरी बहुतेक वेळा एका ओळीत उरकली जाते. ‘मनीमेकरने वाढवलं, फरहाने कॉल केला.’ पण दोघांपैकी एकालाही आपल्या पत्त्यांमुळे पॉटमध्ये यायचं कारण नव्हतं. त्यांना आत ओढलं त्या 70,000 ने.

फ्लॉप उघडला: इस्पिक नऊ, चौकट दुर्री, इस्पिक सहा. फरहाला नवांची जोडी, टेबलावरची सगळ्यात मोठी. मनीमेकरला काहीच नाही. फरहाने चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली, आणि मनीमेकरनेही तेच केलं. पॉट 2,10,000 वर थांबला.

टर्नला इस्पिक आठ आला आणि डाव पेटला. फरहाने 3,00,000 लावले. मनीमेकरच्या हातातल्या पत्त्यांना आता अर्थ आला होता: इस्पिक राजाला टेबलावरचे तीन इस्पिक मिळून फ्लशला (एकाच रंगाचे पाच पत्ते) एकच पत्ता कमी, आणि सातमुळे सहा-सात-आठ-नऊ असा दोन्ही टोकांनी उघडा क्रम, पाच पत्त्यांचा व्हायला एकच कमी. त्याने 8,00,000 पर्यंत वाढवलं. फरहाने कॉल केला.

दोघांचे पत्ते उघडे धरून मोजू. फरहाकडेही एक इस्पिक आहे, राणी. चार इस्पिक मनीमेकरच्या हातात आणि टेबलावर. तेव्हा गड्डीत उरले आठ इस्पिक, आणि त्यातला कुठलाही आला तर राजाचा फ्लश राणीच्या फ्लशला हरवतो. पाच किंवा दहा आला तर क्रम पुरा होतो. त्यातले इस्पिक आधीच मोजले, उरले सहा. राजांपैकी तीन शिल्लक, आणि राजांची जोडी नवांच्या वर. एकूण 17 पत्ते. न दिसलेले पत्ते 44. म्हणजे जवळजवळ 39 टक्के. तेव्हा टर्नवरची ती वाढ निव्वळ हवेतली नव्हती. फरहाने माघार घेतली तर लगेच जिंकणं, नाही घेतली तरी पाचात दोनदा रिव्हर आपल्या बाजूने.

रिव्हरला बदाम तिर्री आली. कुणाच्या काही उपयोगाची नाही. मनीमेकरच्या हातात एकटा राजा उरला, बाकी शून्य. पॉट आता 18,10,000 चा होता. फरहाने चेक केलं. मनीमेकर ऑल-इन गेला, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे.

फरहा बराच वेळ विचार करत राहिला. समोरच्याचा फ्लश हुकला असणार अशी शंका त्याने बोलूनही दाखवली, आणि ती खरी होती. शेवटी त्याने पत्ते टाकले. 18,10,000 च्या पॉटमध्ये सक्तीची मूळ रक्कम 70,000, शंभरातले चारसुद्धा नाहीत.

हाच डाव, ब्लाइंड दहापट असते तर

आता एक फेरबदल करून पाहू. पत्ते तेच, माणसं तीच, चिप्स सरासरीने प्रत्येकी 42 लाखच. फक्त ब्लाइंड 2,00,000 आणि 4,00,000, अँटी 50,000. सक्तीची रक्कम 7 लाख झाली. मनीमेकर त्याच प्रमाणात 10 लाखांपर्यंत वाढवतो, फरहा कॉल करतो. पॉट 21 लाख, प्रत्येकाकडे उरले साडेएकतीस लाख. फ्लॉपवर दोघांचं चेक. टर्नला फरहा त्याच प्रमाणात लावायला गेला तर 30 लाख होतात, म्हणजे तो सगळेच पुढे सरकवणार.

मनीमेकरला मग वाढवायला काही उरतच नाही. साडेएकतीस लाख टाकून 84 लाखांचा पॉट, म्हणजे साडेसदतीस टक्के लागतात. फरहाचे पत्ते उघडे असते तर त्याचे 39 भरले असते. कॉल किंवा फोल्ड (पत्ते टाकून देणं), काठावरचा निर्णय, आणि मग रिव्हरचा एक पत्ता. तिथे कुणाच्या चेहऱ्याकडे बघायचं कारण नाही. रिव्हरवरचा ब्लफ घडूच शकला नसता, कारण रिव्हरपर्यंत मागे चिप्सच राहिल्या नसत्या.

सक्तीची रक्कम फार लहान असेल तर कुणी पॉटमध्ये येत नाही. फार मोठी झाली तर सगळे येतात, पण खेळ पत्ते वाटतानाच संपतो. 2003 च्या त्या टेबलावर बिग ब्लाइंडच्या 105 पट सरासरी चिप्स होत्या. चार फेऱ्यांचा पुरा खेळ होण्याइतकं अंतर.

हे अंतर मोजायची एक सोपी रीत त्याच शेवटच्या टेबलावर बसलेल्या माणसामुळे जगभर पोचली. 1995 चा विजेता डॅन हॅरिंग्टन 2003 मध्ये तिसरा आला होता. पुढे त्याने आपल्या लिखाणातून ‘एम’ हे माप रूढ केलं. नाव बॅकगॅमनचा जगज्जेता पॉल मॅग्रिएल याच्यावरून घेतलेलं. आपल्या चिप्सना डावाच्या सुरुवातीच्या सक्तीच्या रकमेने भागायचं. जो आकडा येईल तेवढ्या फेऱ्या आपण काहीही न खेळता तगू शकतो. एम पाचाच्या खाली गेला की हॅरिंग्टनच्या मते हातात एकच शस्त्र उरतं: ऑल-इन, नाहीतर फोल्ड. मनीमेकर-फरहा डावात सरासरी एम 60 होता. दहापट ब्लाइंडच्या आपल्या उदाहरणात तो 6 वर येतो. मात्र दोघांच्या लढतीत एक फेरी म्हणजे दोनच डाव, हे विसरून चालत नाही. 60 चा एम म्हणजे 120 डाव. नऊ जणांच्या टेबलावर याच आकड्यांत 42 लाखांचा एम 40 आला असता, वरवर कमी. पण त्या 40 फेऱ्यांत 360 डाव बसले असते.

ब्लफनंतर फार वेळ न जाता स्पर्धा संपली. शेवटच्या डावात मनीमेकरकडे चौकट पाच आणि इस्पिक चार होते, फरहाकडे बदाम गुलाम आणि चौकट दहा. फ्लॉपवर गुलाम, पाच, चार. एकाला गुलामाची जोडी, दुसऱ्याला दोन जोड्या, आणि सगळ्या चिप्स मध्ये. रिव्हरला आणखी एक पाच येऊन मनीमेकरचं फुल हाउस (तीन पाच, दोन चार) झालं. पाच-चारवर विश्वविजेता ठरला याचं अनेकांना अजून नवल वाटतं. डावाला 35,000 भरणाऱ्या टेबलावर ते पत्ते हातात असणं यात नवल काही नाही.

एका अकाउंटंटने 86 डॉलरवरून 25 लाख जिंकल्यावर पुढच्याच वर्षी मुख्य स्पर्धेतले खेळाडू 839 वरून 2,576 झाले, 2006 मध्ये 8,773. ऑनलाइन पात्रता स्पर्धेचा तो रस्ता भारतातल्या वाचकाला आता खुला नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला. प्रत्यक्ष टेबलावर पोकर बघायचं तर आपल्या जवळचं ठिकाण म्हणजे गोव्यातली मांडवीवरची कॅसिनो जहाजं.

आजच्या नियमाने

2003 मध्ये प्रत्येक खेळाडू आपला अँटी स्वतः पुढे टाकत असे. नऊ जण, प्रत्येक डावाला. कुणीतरी विसरणार, कुणाकडे सुटे नसणार, डीलर आठवण करत राहणार. गेल्या काही वर्षांत यावर उपाय निघाला: सगळ्या टेबलाचा अँटी एकट्या बिग ब्लाइंडवाल्याने भरायचा, सहसा बिग ब्लाइंडइतकाच. 2019 पासून वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेतही हीच पद्धत आहे. वेळ वाचतो, तासाला जास्त डाव होतात, आणि पाळी फिरत असल्याने कुणावर अन्यायही नाही. चांगला बदल आहे.

नऊ जणांच्या टेबलावर फरक जवळजवळ जाणवत नाही. जुन्या रीतीने 1,05,000 पडत, नव्या रीतीने 20,000, 40,000 आणि 40,000 मिळून 1,00,000. पण जुना अँटी खेळाडू कमी होतील तसा आपोआप घटत जायचा: नऊ जणांचे 45,000, दोघांचे 10,000. नवा अँटी घटत नाही. म्हणून काही स्पर्धांत टेबलावर माणसं कमी झाली की तो मुद्दाम कमी करतात. कमी केला नाही तर मनीमेकर-फरहा यांच्यापुढे 70,000 ऐवजी 1,00,000 पडले असते. सरासरी एम 60 वरून 42 वर, म्हणजे 120 ऐवजी 84 डाव. मनीमेकरची तीच वाढ 80,000 लावून 1,00,000 मिळवायची झाली असती. फरहाने शंभरात 44 वेळा माघार घेतली तरी पुरे. आणि फरहाला कॉल करायला 29 ऐवजी 25 टक्के पुरले असते. दोघांनाही आणखी हलक्या पत्त्यांवर आत येणं भाग पडलं असतं.

या पद्धतीत एक गाठ मात्र आहे आणि ती शेवटच्या चिप्सवर जगणाऱ्यालाच बसते. बिग ब्लाइंडवर पाळी आली आणि हातात 50,000 च आहेत. भरायचे आहेत 80,000: ब्लाइंडचे 40,000, अँटीचे 40,000. आधी काय कापायचं? अँटी आधी धरला तर 40,000 पॉटचे झाले आणि त्याच्या नावावर बोली उरली 10,000 ची. समोरच्याकडूनही त्याला तेवढेच जिंकता येतात. डाव जिंकला तरी हातात 60,000. ब्लाइंड आधी धरला तर बोली पुरी 40,000 ची, समोरच्याचेही 40,000, वर अँटीचे उरलेले 10,000. जिंकल्यावर 90,000. पत्ते तेच, डाव तोच, आणि 50,000 चिप्स घेऊन बसलेल्या माणसाला 30,000 चा फरक.

दोन्ही रीती वेगवेगळ्या ठिकाणी चालत आल्या आहेत. मला ब्लाइंड आधी धरणं जास्त न्याय्य वाटतं: अँटी हा सगळ्या टेबलाचा, तो एकाने पाळी म्हणून भरायचा. त्यापायी त्याची स्वतःची बोली का आक्रसावी? अँटी आधी धरणारे म्हणतात की पॉटचं देणं आधी, मग खेळाडूची बोली, आणि जुन्या पद्धतीतही अँटीच आधी कापला जायचा. तोही मुद्दा टाकाऊ नाही. स्पर्धेत बसताना इथे कुठली रीत आहे हे फ्लोअरवरच्या अधिकाऱ्याला पहिल्या ब्रेकच्या आत विचारून घ्यावं, कारण शेवटच्या 50,000 वर पोचल्यावर एक डाव आधीच ऑल-इन जायचं की बिग ब्लाइंडची वाट बघायची हे त्या उत्तरावर ठरतं.